पिकअपचा ऑइल फिल्टर: नाशिकमध्ये कमी पैशात योग्य नग कसा मिळवायचा

समजा एका दुकानात ऑइल फिल्टर २०० रुपयांना मिळतोय आणि दुसऱ्यात ३५०ला. दर १०,००० किलोमीटरला फिल्टर बदलत असाल, तर हा दीडशेचा फरक किलोमीटरला दीड पैसा पडतो. पिंपळगावहून टोमॅटो भरून वाशी मार्केट गाठायचं आणि परत यायचं, म्हणजे चारशेच्या आसपास किलोमीटर. त्या फेरीत फिल्टरचा फरक सहा रुपये. कसारा घाटाच्या तोंडाशी थांबून घेतलेला चहा याहून महाग पडतो.

मग स्वस्त फिल्टर शोधायचाच कशाला? कारण तोच नग तीन दुकानांत तीन भावांना मिळतो, आणि त्यातला महागडा चांगला असेलच असंही नाही. कधी दोन खोक्यांत एकाच कारखान्याचा माल असतो, फक्त छपाई वेगळी. कधी ‘ओरिजनल’ म्हणून दिलेला नग डुप्लिकेट निघतो आणि तुम्ही पैसे मात्र ओरिजनलचे मोजलेले असतात. हे टाळायचं तर फिल्टर गाडीच्या नावाने न मागता नंबराने मागायचा. खालचं बरंचसं सांगणं या एका सवयीभोवती फिरणार आहे.

आधी आपली गाडी ओळखा

काउंटरवर जाऊन “बोलेरो पिकअपचा ऑइल फिल्टर द्या” म्हटलं की दुकानदार समोर दोन खोकी ठेवतो आणि विचारतो, “जुनी का नवी?” इथेच घोळ सुरू होतो. महिंद्राच्या पिकअपमध्ये जुनं साधं डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिनही २,५२३ सीसीचं आणि नंतरचं कॉमन रेलचंही २,५२३ सीसीचं. म्हणजे सीसी सांगून भागत नाही. टाटा योद्धाच्या सुरुवातीच्या गाड्यांत ३ लिटरचं इंजिन होतं, बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा नवा सरकारी निकष) मध्ये २.२ लिटरचं आलं. अशोक लेलँड दोस्तचं इंजिन दीड लिटरचं, तीन सिलिंडरचं. इसुझू डी-मॅक्सचं प्रकरण आणखी वेगळं. नाव तेच राहतं, बॉनेटखालचं यंत्र बदलत जातं.

म्हणून आरसी बुकातून चार गोष्टी टिपून घ्या: मॉडेलचं पूर्ण नाव, उत्पादनाचा महिना-वर्ष, १७ अक्षर-आकड्यांचा चासी नंबर आणि इंजिन नंबर. गाडी बीएस-४ आहे की बीएस-६, हेही बघा. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांची विक्री बीएस-६ मध्येच सुरू झाली, पण २०१९च्या शेवटी आणि २०२०च्या सुरुवातीला घेतलेल्या गाड्यांच्या बाबतीत अंदाज न बांधता कागदच पाहिलेला बरा.

मग फिल्टरचा प्रकार बघा. ढोबळमानाने दोन. एक डबा फिल्टर, म्हणजे पत्र्याचा पूर्ण डबाच फिरवून काढायचा आणि नवा लावायचा. दुसरा एलिमेंट: बाहेरचं घर गाडीलाच असतं, वरची टोपी उघडून आतला कागदी नग तेवढा बदलायचा. एलिमेंट सहसा डब्यापेक्षा स्वस्त, पण त्याच्यासोबत टोपीची ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी गोल रबरी रिंग, मिळाली पाहिजे. खोक्यात ओ-रिंग नसेल तर स्वस्ताईचा उपयोग नाही, जुनी रिंग दाबली गेलेली असते आणि आठवड्यात इंजिनच्या बाजूने तेल ओघळायला लागतं.

नंबर कुठून काढायचा

सगळ्यात सोपा मार्ग गाडीवरच असतो. शेवटची सर्व्हिस अधिकृत वर्कशॉपला झाली असेल तर फिल्टरवर कंपनीचा पार्ट नंबर छापलेला असतो. तेलाने माखलेला असतो, फडक्याने पुसून मोबाईलमध्ये फोटो काढा. बाहेर सर्व्हिस झाली असेल तर मात्र जुन्या फिल्टरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मागच्या मिस्त्रीने जे मिळालं ते बसवलं असण्याची शक्यता असते, आणि ती चूक मग दर सर्व्हिसला पुढे चालू राहते.

दुसरा मार्ग, अधिकृत डीलरच्या पार्ट्स काउंटरला चासी नंबर देऊन नंबर आणि एमआरपी विचारणं. विचारायला पैसे पडत नाहीत, घ्यायलाच हवं असंही नाही. जुन्या सर्व्हिसची बिलं घरात असतील तर त्यांवरही नंबर असतो. बूडमोसारख्या ऑनलाइन पार्ट्सच्या साइटवर कंपनीचा नंबर टाकला की त्याला चालणारे इतर ब्रँडचे नंबर आणि किमती दिसतात. खरेदी तिथून करा अगर करू नका, पण घरबसल्या भावाचा अंदाज येतो आणि काउंटरवर बोलायला बळ मिळतं.

एक गोष्ट लक्षात असू द्या. कंपन्या नंबर बदलतात. काउंटरवाला “हा नंबर बंद झाला, आता हा चालतो” म्हणाला की लगेच संशय घेऊ नका, पण त्याच्या कॉम्प्युटरवर जुना नंबर आणि त्यापुढे नवा असं दाखवायला सांगा. खरं असेल तर तो दाखवतो.

नंबर मिळाला की गाडीच्या कागदांच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर क्लिनर, तेलाचा ग्रेड. चालक बदलला तरी चिठ्ठी गाडीतच राहते.

एकाच फिल्टरचे चार भाव

पहिला भाव गाडीच्या कंपनीच्या खोक्याचा. दुसरा, फिल्टर बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या खोक्याचा: बॉश, मान, माहले, प्युरोलेटर, फ्लीटगार्ड, एलोफिक, ल्युकास टीव्हीएस वगैरे. गाड्यांच्या कंपन्या फिल्टर बहुधा स्वतः बनवत नाहीत, अशाच पुरवठादारांकडून घेतात. त्यामुळे आपल्या इंजिनला मूळ पुरवठा करणाऱ्याचाच नग त्याच्या स्वतःच्या खोक्यात मिळाला, तर दर्जा तोच आणि भाव सहसा कमी. माझ्या मते वॉरंटी संपलेल्या पिकअपला हाच सौदा सर्वांत फायद्याचा. पुरवठादार कोण, ते मूळ फिल्टरच्या डब्यावर किंवा एलिमेंटच्या कडेला बारीक अक्षरात बरेचदा सापडतं.

तिसरा भाव ‘लोकल’ मालाचा. यात सगळं काही येतं, प्रामाणिक छोटे कारखानदारही आणि कागदाच्या नावाखाली काहीही भरणारेही. दुकानदार स्वतः सांगतो, “लोकल आहे, गॅरंटी नाही.” निदान तो खरं बोलतोय. चौथा डुप्लिकेटचा, म्हणजे नामांकित खोक्याची नक्कल. हा सर्वांत वाईट, कारण किंमत दुसऱ्या प्रकाराची आणि आतला माल तिसऱ्याहून हलका.

नाशिकमध्ये पाचवा प्रकारही कधीतरी भेटतो. सातपूर-अंबडला वाहन उद्योग आणि त्याचे पुरवठादार असल्याने “कंपनीतूनच आलाय, लॉटमधला आहे, खोकं नाही एवढंच” असं सांगून सुटा नग पुढे केला जातो. तो तपासणीत नाकारलेला आहे, चोरीचा आहे की कुठल्या तिसऱ्याच गाडीचा आहे, हे तुम्हाला कळायला काही मार्ग नाही. खोकं नसलेला फिल्टर घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

वॉरंटीतली गाडी असेल तर या सगळ्या शोधाशोधीत पडूच नका, कंपनीच्या खोक्यातला फिल्टर घ्या आणि बिल जपा. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात, ग्राहकाने बाहेर काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट लावू नये असं बजावलं होतं. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या. मुद्दा तत्त्वाचा असला तरी इंजिनाच्या क्लेमच्या वेळी सर्व्हिस मॅनेजरशी दीडशे रुपये वाचवलेल्या फिल्टरवरून वाद घालत बसणं परवडत नाही. गाडी उभी, हंगाम चालू.

आत काय असतं, आणि स्वस्तात काय वगळतात

डबा फिल्टरच्या तळाशी कडेने लहान भोकं असतात आणि मधोमध आट्यांचं मोठं भोक. तेल कडेच्या भोकांतून आत येतं, घड्यांच्या कागदातून गाळून मधल्या भोकातून इंजिनात जातं. कागद चोंदला, किंवा पहाटेच्या थंडीत तेल घट्ट असलं, की बायपास व्हॉल्व उघडतो आणि तेल न गाळता पुढे जातं. गाळलेलं नसलं तरी तेल मिळालं पाहिजे, नाहीतर बेअरिंग जळेल, हा त्यामागचा विचार. हा व्हॉल्व ठरावीक दाबाला उघडायला हवा. स्प्रिंग हलकी असेल तर तो सदानकदा उघडा राहतो आणि फिल्टर नुसता शोभेला. स्प्रिंग फार कडक असेल तर चोंदलेल्या फिल्टरमागे इंजिन तेलाविना तडफडतं. काही इंजिनांत बायपास फिल्टरमध्ये नसून इंजिनाच्या घरातच असतो. म्हणून “आट्या बसल्या म्हणजे फिल्टर बसला” हे म्हणणं चूक. आट्या सारख्या, रबर सारखं, उंचीही सारखी, आणि आतला व्हॉल्व वेगळा असं होऊ शकतं.

कडेच्या भोकांतून डोकावलं की आत रबराची एक पातळ झडप दिसते. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं तेल खाली चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) उतरू नये म्हणून ती असते. फिल्टर आडवा किंवा उलटा बसणाऱ्या इंजिनाला ती हवीच. झडप नसली किंवा कडक झाली की सकाळी पहिल्या सेल्फला इंजिन क्षणभर कोरडं फिरतं आणि खडखड ऐकू येते. याचा पहिला मार टर्बोला बसतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावरच तरंगत असतो. टर्बोचं बिल बघितलेल्या माणसाला फिल्टरचा दीड पैसा आठवत नाही.

डिझेलचं तेल दोन दिवसांत काळं होतं, त्यावरून फिल्टर खराब म्हणू नका. ती काजळी इतकी बारीक असते की कागदाच्या फिल्टरमधून बहुतेक पार जाते. तिला तरंगत ठेवणं हे तेलातल्या रसायनांचं काम आहे. फिल्टर पकडतो धातूचा चुरा, कार्बनचे गोळे आणि धूळ. आणि धूळ आत येते ती मुख्यतः एअर क्लिनरमधून. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतले मातीचे रस्ते आणि सध्या सिंहस्थाच्या कामांनी शहरभर उडणारी माती बघता, एअर क्लिनर फाटका ठेवून भारीतला ऑइल फिल्टर लावणं म्हणजे दार उघडं ठेवून खिडकीला जाळी बसवणं आहे.

जुना एलिमेंट डिझेलमध्ये धुऊन परत लावणारे अजूनही आहेत. धुण्याने कागदाचे तंतू सुटतात, डिंक सैल होतो, आणि बाहेरची घाण आतल्या बाजूला जाते. तिथून थेट बेअरिंग.

नाशिकात कुठे फिरायचं

द्वारका ते मुंबई नाका हा महामार्गाचा पट्टा आणि आडगावचं ट्रक टर्मिनल या दोन ठिकाणी पिकअप आणि ट्रकच्या पार्ट्सची चौकशी आधी करा. आडगावला मोठ्या गाड्यांचा भर जास्त, त्यामुळे पिकअपचा नेमका नंबर नसेल तर “दोन तासांत मागवून देतो” असं उत्तर मिळतं. निघण्याआधी फोन करा आणि फोनवर नंबरच सांगा, गाडीचं नाव नंतर. नंबर सांगणाऱ्या गिऱ्हाइकाशी दुकानदार वेगळ्या सुरात बोलतो, हे तुम्हालाही जाणवेल.

पिंपळगाव, लासलगाव, सिन्नरच्या दुकानांना कमी लेखू नका. भाव थोडा जास्त असेल, पण तो दुकानदार रोज तुमच्या डोळ्यांसमोर असतो आणि चुकीचा नग परत घेतो. पन्नास रुपये वाचवायला निफाडहून द्वारक्याला रिकामी गाडी आणली तर बचत डिझेलमध्ये गेली. नाशिकला भाडं असेल त्या दिवशीच खरेदी उरका.

ऑनलाइन घ्यायचं तर विक्रेता कोण आणि परतीची अट काय, हे आधी वाचा. मोठ्या साइटवर मिळतो म्हणून नग खरा असतोच असं नाही.

भावावर बोलायचं तर एक नग घेताना फार घासाघीस होत नाही. दोन-तीन फिल्टर, सोबत डिझेल फिल्टर आणि चेंबर नटाचं वायसर असं एकत्र घेतलं की एमआरपीवर सूट मिळते. गावातल्या चार पिकअपवाल्यांनी एकाच इंजिनाचे फिल्टर मिळून घेतले तर अजून बरं. वर्षाला लागतील तेवढेच घ्या. कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या फिल्टरचं रबर कडक होतं. सगळ्यात जास्त पैसे मात्र वेगळ्याच ठिकाणी वाचतात: फिल्टर आणि तेल तुम्ही स्वतः आणा आणि मिस्त्रीला फक्त लेबर द्या. काही मिस्त्री नाखूश होतात. आधी सांगून ठेवलं की चालतं.

काउंटरवर पाच मिनिटं

खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क असलाच पाहिजे. वैधमापनशास्त्राच्या (वजन-मापं आणि पाकीटबंद मालाच्या) २०११च्या नियमांनुसार हे बंधनकारक आहे. यातलं काही नसेल किंवा एमआरपीवर दुसरं चिकटपत्र लावून भाव वाढवलेला असेल तर नग परत करा. होलोग्राम किंवा क्यूआर कोड असेल तर तिथेच स्कॅन करा, पण कोड उघडणारी साइट खरंच त्या कंपनीची आहे ना, ते बघा.

मग खोकं उघडा. डब्यावर छापलेला नंबर आणि खोक्यावरचा नंबर एकच हवा. आट्यांत बोट फिरवा, धातूचा कीस लागता कामा नये. रबराची रिंग खाचेत सपाट बसलेली हवी. तळाची पत्री पातळ वाटत असेल, अंगठ्याने दाबून लवत असेल तर सोडा. एलिमेंट असेल तर घड्या सारख्या अंतरावर आहेत का, दोन्ही टोकांना डिंक सगळीकडून लागलाय का, हलकं पिळल्यावर टोक सुटतंय का, हे पाहा. जुना फिल्टर सोबत नेला असेल तर रिंगचा व्यास आणि आट्या जुळवा, पण शेवटचा शब्द नंबराचा.

पक्कं बिल घ्या आणि त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. “ऑइल फिल्टर – १ नग” एवढंच लिहिलेलं बिल भांडणाच्या वेळी कामाचं नाही. एमआरपीहून जास्त घेतले किंवा डुप्लिकेट माल परत घ्यायला नकार दिला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

बसवताना

इंजिन कोमट असताना तेल काढा. उकळतं तेल हातावर येतं आणि गार तेल पूर्ण उतरत नाही. गाडी सपाट जागी, हँडब्रेक, चाकाला दगड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड हवा.

जुना फिल्टर काढला की त्याची रबर रिंग इंजिनलाच चिकटून राहिलेली नाही ना, हे बोट फिरवून बघा. राहिली आणि तिच्यावर दुसरी बसली तर घाटात दाब वाढताच तेल फवाऱ्यासारखं बाहेर येतं. नव्या रिंगवर बोटाने नवं तेल लावा. फिल्टर हाताने फिरवा, रिंग टेकली की साधारण पाऊण फेरा आणखी. डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. पान्याने आवळायचा मोह टाळा, पुढच्या वेळी तोच डबा छिन्नीने फोडून काढावा लागतो. फिल्टर उभा बसत असेल तर आधी थोडं तेल भरता येतं, पण ते कडेच्या भोकांतून भरा. मधल्या भोकातून ओतलेलं तेल न गाळताच इंजिनात जातं.

एलिमेंटच्या टोपीची ओ-रिंग नेमक्या खाचेत बसवा, जवळच्या दुसऱ्या खाचेत नव्हे. प्लास्टिकची टोपी असेल तर ती किती आवळायची ते अनेकदा टोपीवरच छापलेलं असतं. चेंबर नटाचं वायसर नवं लावा, दहा-वीस रुपयांचं काम आहे.

तेल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच. बीएस-६ गाडीत धुराचा फिल्टर असेल तर कमी राखेचं तेल लागतं. जुन्या पिकअपचं उरलेलं तेल त्यात ओतू नका. स्वस्त फिल्टरपेक्षा या चुकीची किंमत जास्त आहे.

सुरू केल्यावर तेलाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. तोवर ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. विझला नाही तर लगेच बंद. दोन-तीन मिनिटं चालवून खाली वाकून गळती बघा, थांबवून थोड्या वेळाने पट्टीवर पातळी बघा, आणि पहिल्या भाड्यानंतर पुन्हा एकदा.

किती दिवसांनी बदलायचा? पुस्तिकेतला आकडा धरा, पण तो नीट चालणाऱ्या गाडीसाठी आहे. बाजार समितीच्या रांगेत एसी किंवा गाण्यांसाठी इंजिन चालू ठेवून तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या पिकअपचे ते तास मीटरवर उमटत नाहीत. एक तास उभ्याने चालू इंजिन म्हणजे ४०-५० किलोमीटर असा ढोबळ ठोकताळा आहे. तसा हिशेब करून बघा, बऱ्याच जणांची बदलायची तारीख लवकर येईल. द्राक्षाच्या गाड्यांनी बदल डिसेंबरातच उरकावा. जानेवारी ते एप्रिल गाडी थांबवायला वेळ मिळत नाही.

काढलेला फिल्टर रात्रभर उपडा ठेवून निथळू द्या. वापरलेलं इंजिन तेल २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, त्यामुळे ते बांधावर, नाल्यात किंवा गोदावरीला मिळणाऱ्या कुठल्याही ओहोळात ओतायचं नाही. घरी बदललं असेल तर कॅनमध्ये भरून अशा गॅरेजला द्या, जे अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला तेल देतं. देताना तसं विचारून घ्या. निथळलेला पत्र्याचा डबा तेल आणि रबराचा असल्याने घरच्या कचऱ्यात टाकू नका, तोही त्याच गॅरेजच्या ढिगात जाऊ द्या.